सकाळी अडणारी, दुपारी चालणारी रायफल: कुडाळच्या एका दुरुस्ती-दुकानाचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, हे आधीच सांगते. दुकान चालवणाऱ्या काकांनी तशी अटच घातली. "नाव घालू नकात हां वैनी. बंदुकीचा दुकान म्हटल्यार नको ती माणसां फोन करतत." ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना कुडाळ बाजारपेठेत दोन माणसांना विचारलं तरी पत्ता मिळेल. सिंधुदुर्गात हे काम करणारे उरलेत किती!

आमचं वेंगुर्ल्याजवळ काजूचं छोटं युनिट आहे. सासरे, म्हणजे आमचे दादा, गेल्यावर त्यांची पॉइंट टू-टू (.२२ बोअरची) रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली. मिस्टरांना दिवाळीतला लवंगी फटाका सोसत नाही, त्यामुळे त्यांनी आधीच हात वर केले. सरकारजमा करून टाकूया असंही घरात बोलणं झालं. पण दादांनी ही वस्तू चाळीस वर्षं जिवापाड जपलेली. म्हटलं, मी शिकते. कोल्हापूरला भाचा एका रेंजवर सभासद आहे, त्याच्या नादाने वर्षातून चार-पाच वेळा कागदावर नेम धरते. डुक्कर मारायला, माकडं हाकलायला ही रायफल नाही आणि मी ती त्यासाठी कधी बाहेर काढलेलीही नाही.

रायफल बेल्जियन, १९६०च्या दशकातली. आराखडा मात्र जॉन ब्राउनिंगचा, १९१४ पासून तिथे बनत असलेला. सेमी-ऑटोमॅटिक आहे, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस आपोआप चढतं. काडतुसं दस्त्याच्या पोटातल्या नळीत भरायची. पुढची नळी पाव फेरा फिरवली की सुटी होते, त्यामुळे अख्खी रायफल शाळेच्या दप्तराएवढ्या पेटीत मावते. रिकामी पुंगळी बाजूला न उडता खाली पडते. पूर्ण बाह्यांचं ब्लाउज नसेल तर कोपरापाशी चटका बसतो, हे पहिल्याच दिवशी कळलं.

आता दुखण्याचं.

२०२४ साली आमच्याकडे दोन निवडणुका झाल्या. लोकसभेचं मतदान ७ मे रोजी, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा रायफल पोलीस ठाण्यात जमा. महिनोन्महिने तिथे पडून राहणार, वर आमची खारी हवा. इथे खिडकीची लोखंडी कडी दोन पावसाळ्यांत सोलपटते. म्हणून दादा करायचे तेच मी केलं. खोबरेल तेल घेतलं आणि आतबाहेर सढळ हाताने चोपडलं. मे महिन्यापूर्वी एकदा, दिवाळीच्या आसपास पुन्हा. परत आणली तेव्हा गंजाचा एक ठिपका नव्हता. मी खूश.

जानेवारी २०२५. कोल्हापूर, सकाळचे साडेसात, तोंडातून वाफ निघतेय. काडतुसं भरली, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता ठोकळा) मागे ओढून सोडला. एरवी 'खटक्' असा कोरडा आवाज यायचा, त्या दिवशी नुसतं 'फस्स' झालं. बोल्ट पुढे गेला आणि शेवटी दोन-तीन पोस्टकार्डं सरकतील एवढी फट ठेवून थांबला. मी अंगठ्याने रेटायला गेले तर भाच्याने मनगटच धरलं.

"मामी, नाही. नळी समोरच राहू दे, बोट चापावरून काढ."

नंतर त्याने चहा पिता पिता समजावलं ते इथे लिहिते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. या जातीच्या रायफलीत बोल्टला कडीकुलूप नसतं. मागून स्प्रिंग रेटते आणि बोल्टचं स्वतःचं वजन, एवढ्यावरच तो बंद राहतो. पॉइंट टू-टू काडतुसाची दारूला पेट देणारी भुकटी पुंगळीच्या मागच्या कडेत असते. बोल्ट पुरता न बसता चुकून बार झाला तर त्या पातळ पितळेला मागून आधार नसतो. ते फुटतं, आणि गरम वायू, पितळेच्या चिंध्या तोंडाच्या दिशेने येतात. म्हणून अडलेला बोल्ट भरल्या काडतुसावर ठोकायचा नाही, रेटायचा नाही. काडतूस काढायचं आणि मग कारण शोधायचं. आम्ही ते काढलं, रेंजवरच्या साहेबांना दाखवलं, आणि त्या दिवशीचा नेम संपला.

गंमत पुढे आहे. दुपारी एक वाजता भाच्याच्या गच्चीवर, भर उन्हात, रिकामी रायफल उघडून पाहिली. खटक्! पुन्हा, खटक्! दहा वेळा केलं, दहाही वेळा नीट बंद. भाचा म्हणाला, "तुझ्याच हाताला काहीतरी आहे."

मग एका मोठ्या शहरातल्या दुकानात नेली. काचेचं दार, एसी, भिंतीवर हरणाचं शिंग. नाव त्यांचंही लिहीत नाही. तिथल्या माणसाने दोनदा बोल्ट ओढला आणि निदान केलं, "स्प्रिंग गेली." तीन हजार दोनशे रुपये, दोन दिवसांत तयार. मी एसटीतल्या मेकॅनिकची मुलगी, बदललेला पार्ट मागून घ्यायची सवय वडिलांनी लावलेली. जुनी स्प्रिंग मागितली तेव्हा त्याने ती अशी दिली, जणू मी त्याची वस्तू पळवत होते.

एप्रिलमध्ये रेंजवर गेले. बोल्ट आता दणक्यात बंद व्हायचा. पण दर तिसऱ्या-चौथ्या बाराला रिकामी पुंगळी आतच तिरकी अडकून बसायची. जरा विचार केल्यावर उमगलं. बोल्ट मागे जातो तो काडतुसाच्याच धक्क्याने, आणि त्याच धक्क्याला ही स्प्रिंग दाबायची असते. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक घातली की बोल्ट पुरता मागे जातच नाही, मग पुंगळी बाहेर कशी पडणार? एक अडचण झाकायला दुसरी विकत घेतली, तीन हजार दोनशेला.

ऑगस्टमध्ये, श्रावणातल्या पावसात, एका बागायतदारांनी कुडाळचं दुकान सांगितलं. एका बाजूला छत्री दुरुस्तीवाला, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं एसटीडी बूथ. मध्ये आठ फूट रुंदीची जागा, पाटीवरची अक्षरं धुऊन गेलेली. बसायला एकच स्टूल, तेही एका दोडामार्गच्या शेतकऱ्याने अडवलेलं. त्याची बारा बोअरची एकनळी शेतीसंरक्षणाची बंदूक टेबलावर उघडी पडलेली. मी ओल्या साडीने पाऊण तास उभी. कुणी 'या, बसा' म्हणालं नाही. हा एक गुण कापला.

नंतर मात्र त्या माणसाने जे केलं ते मी कुठल्याच दुरुस्तीवाल्याकडे पाहिलेलं नाही, मिक्सरवाल्याकडेही नाही.

पहिलं, परवाना मागितला. पुस्तिकेवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर चष्मा काढून, भिंग लावून जुळवून पाहिला, रजिस्टरात लिहिला. बंदूक दुरुस्त करायलाही सरकारचा परवाना लागतो, त्यांचा चौकटीत लावलेला होता, गणपतीच्या शेजारी. मग नळी भिंतीकडे करून रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहिलं, बोट घालून चाचपलं. मी सांगितलं होतं रिकामी आहे म्हणून. तरीही.

मग अवजाराला हात न लावता चार प्रश्न.

"सकाळी अडता की दुपारी?"

मी थक्क. दुखणं काय ते मी अजून सांगितलंच नव्हतं. सकाळी, म्हटलं.

"तेल खंयचा घालतास?"

खोबरेल.

"दसऱ्याक पुजतास?"

हो, खंडेनवमीला. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ.

"घरात पोरां असत? चाप ओढून टक-टक करतत?"

आता पोरं नाहीत, पण होती. दादा दसऱ्याला नातवंडांना मांडीवर घेऊन रिकाम्या रायफलीचा चाप ओढू द्यायचे. टक! पोरं खिदळायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

काकांनी मान हलवली आणि आत हाक मारली, "गो, फ्रिज मोकळो कर." माळ्यावर त्यांचं घर. बोल्ट असलेला भाग सोडवला, दुधाच्या स्वच्छ पिशवीत बांधला आणि फ्रिजात ठेवून आले. वरून काकूंचा आवाज, "परत बंदूक? दह्याच्या बाजूक ठेवू नकात!" अर्ध्या तासाने पिशवी उघडली, भाग जागेवर बसवला, बोल्ट ओढून सोडला.

फस्स. तीच फट. भर ऑगस्टात, कुडाळात, माझी जानेवारीची सकाळ टेबलावर हजर.

खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजतं. हे कोकणातल्या बाईला सांगायची गरज आहे का? पौषात मी रोज सकाळी तेलाची बाटली चुलीजवळ ठेवते, नाहीतर वेणी घालता येत नाही. मग ते रायफलीत थिजेल हे डोक्यात का आलं नाही? शहरातल्या दुकानात मी गेले ती दुपार होती. तिथे तेल पातळ, बोल्ट नुसता जरासा मंद. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलंच नाही.

मग सगळं सुटं केलं. जुनं पांढरं धोतर पसरलेलं, त्यावर स्टीलचं ताट, ताटात भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने गोल मांडलेले. बोल्टच्या तोंडाशी एक लहान नखी असते, एक्स्ट्रॅक्टर, ती पुंगळीची कड पकडून ओढून काढते. तिच्या मागच्या खाचेत काकांनी शिवणकामाची सुई घातली आणि उकरून जे काढलं ते माझ्या तळहातावर ठेवलं. मसुराएवढा गोळा. लालसर काळा, मेणासारखा. नाकाशी नेला तर खवट खोबऱ्याचा वास. बोटाने चिरडला तर आत एक पांढरा कण, तांदळाची कणी. अक्षता! किती दसऱ्यांची असेल कोण जाणे. बाकी सगळं कुंकू, दारूची काजळी, आणि काडतुसाच्या शिशावर जो मेणचट थर असतो त्याचं झिजून आलेलं.

मला लाज वाटली. माझ्या युनिटात काजू फोडायच्या यंत्रावर टरफलाचा चीक असाच बसतो. रोज संध्याकाळी पाती पुसल्याशिवाय मी बायकांना घरी जाऊ देत नाही. आणि इथे चिकावर चीक चढवत होते.

मी म्हटलं, झालं तर मग, सापडलं. काका म्हणाले, "थांबा. अर्धा सापडला."

टर्पेंटाइनने धुऊन, कोरडं करून, बोल्ट पुन्हा फ्रिजात. अर्ध्या तासाने रिकामाच बंद करून पाहिला. खटक्, एकदम. मग एक डमी काडतूस घातलं, दारूबिरू नसलेलं, निव्वळ मापासाठी. बोल्ट सोडला. आता फट एका पोस्टकार्डाएवढी, पण होती. रिकामा असताना बसतो आणि काडतुसावर बसत नाही, म्हणजे आता दोष बोल्टाच्या वाटेत नाही, काडतुसाच्या घरात, म्हणजे ते जिथे बसतं त्या नळीच्या मागच्या भोकात आहे. हा साधा भागाकार आहे, पण तो एकेक रकमेने करायला धीर लागतो.

नळी सुटी होतीच. मागचं टोक वर करून धरली आणि डमी काडतूस त्या भोकात सोडलं. ते आपल्या वजनाने अलगद बसायला हवं, ते कडेशी अडलं. भिंग माझ्या हातात दिलं. नळीच्या मागच्या काठावर, घड्याळात बारा वाजतात तिथे, नखाने ओरबाडल्यासारखी खूण, आणि तिथलं लोखंड केसभर आत वाकलेलं.

टक. टक. दसऱ्याचा टक.

चाप ओढला की काडतूस पेटवायला जी पिन आदळते, ती फायरिंग पिन पॉइंट टू-टूमध्ये काडतुसाच्या मध्यावर नाही, कडेवर आदळते. काडतूस नसेल तर ती थेट नळीच्या काठावर जाऊन बसू शकते. शंभर वेळा, दोनशे वेळा. लोखंड हळूहळू आत दाबलं जातं आणि एक दिवस काडतुसाची वाट अडवतं. नातवंडांचं खिदळणं असं लोखंडावर उमटलेलं पाहून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. काकांनी एक गुळगुळीत, निमुळती, चकचकीत सळई काढली. मी विचारलं, कानशीने घासणार? ते जवळजवळ चिडलेच. घासलं की लोखंड जातं, भोक मोठं होतं, मग पुंगळी फुगते, चिरते. वाकलेलं लोखंड गेलेलं नाही, जागेवरून सरकलंय, ते दाबून परत जागेवर आणायचं. सळई आत घालून, फिरवत, दाबत, थोडं केलं की डमी सोडून पाहायचं. पुन्हा थोडं. पंधराव्या-सोळाव्या खेपेला काडतूस टुप् करून बसलं.

स्प्रिंगही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. नवी बोटाच्या एका पेराने लांब आणि तारही जाड. जुनीला काही झालेलं नव्हतं. ती मी जपून ठेवली म्हणून त्यांनी मला शाबासकी दिली, त्या दिवशीची एकमेव.

हे सगळं एका दिवसात झालं असं समजू नका. बोल्टचं काम त्या दिवशी, नळीचं "चवथीनंतर". गणपतीच्या आधी आठ दिवस कोकणात कुणी काम हातात घेईल ही आशा मीही ठेवली नव्हती, पण 'चवथीनंतर' म्हणता म्हणता चवथीवर तीन आठवडे झाले. फोन उचलत नाहीत. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद, आणि ते पाटीवर लिहिलेलं नाही. मी दोनदा बंद दारावरून परतले, पेट्रोलचे पैसे काजूच्या खात्यावर टाकले. बिल वहीच्या कागदावर, पण त्यावर रायफलीचा नंबर, काय केलं आणि काय केलं नाही दोन्ही लिहिलेलं. 'स्प्रिंग बदलली नाही, जुनीच घातली.' असं बिल मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चौदाशे रुपये, रोख.

निघताना तंबी मिळाली. खोबरेल बंद. शिलाई मशीनचं पातळ तेल, दोन थेंब, ते पण चिंधीवर घेऊन, आणि ती चिंधी पुन्हा कोरड्या चिंधीने पुसायची. काडतुसाच्या घरात तेल अजिबात नाही. रायफल चामड्याच्या पेटीत ठेवायची नाही, चामडं पावसाळ्यात पाणी ओढतं आणि लोखंडाला पाजतं. कपाटात उभी, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. मी चपलांच्या खोक्यातल्या पुड्या जमवल्या होत्या. त्या बघून हसले आणि म्हणाले, ह्यो पुडयो मेलेल्यो असत. खरंच होत्या, आधीच ओल पिऊन बसलेल्या. जमा करायची वेळ आली तर बाहेरून तेलाचा हात फिरवायचा, आत नाही, आणि परत आल्यावर आधी सुटी करून पुसायची. मगच काडतूस.

त्यानंतरच्या थंडीत कोल्हापूरला गेले, फोंडा घाटाने, राधानगरीवरून. याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्य जिंकलं, तेही पॉइंट टू-टूनेच. भाचा तो रस्ता आला की दर वेळी हे सांगतो, जणू मी विसरले असेन. सकाळी सातची वेळ, हात गारठलेले. पन्नास काडतुसांचा एक डबा संपवला. पन्नासही वेळा बोल्ट कोरडा, पुरता बसला. एक काडतूस वाजलं नाही. भाच्याने नळी समोर धरून थोडा वेळ थांबायला लावलं, मग ते काढलं. कडेवर पिनेचा ठसा खोल आणि स्वच्छ होता, म्हणजे दोष काडतुसाचा. पूर्वी असतं तर मी तेही रायफलीच्या माथी मारलं असतं. नेमाबद्दल विचारू नका. तो अजून दुरुस्तीला टाकायचाय.

पाचपैकी चार. एक गुण स्टुलाचा आणि फोनचा.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, मंगळवारी नको. मूळ परवाना न्या, झेरॉक्सवर हात लावत नाहीत. रायफल रिकामी आणि पेटीत. घरी दसऱ्याला पूजा करत असाल तर ते आधीच कबूल करा, ते विचारतातच. आमच्याकडे आता कुंकवाचं बोट दस्त्याला लावतो, आणि अक्षता पेटीवर.